पुलाचा काठ

आठवीच्या वर्गाला मी एकदा जरा वेगळं चित्र दिलं. घरातून शाळेत येताना तुमचा हात ज्या ज्या गोष्टीला लागतो, ती काढा. कुणी दाराची कडी काढली, कुणी सायकलची मूठ, एकाने गल्लीतल्या म्हशीची पाठ. एका मुलीने नुसता पुलाचा कठडा काढला होता. सगळा करडा, पण मधोमध हातभर जागा कोरी.

"हे रंगवायचं राहिलं काय गं?"

"नाही बाई, तिथं रंगच नाही. तिथं सगळ्यांचे हात लागतात."

संध्याकाळी मुद्दाम थांबून बघितलं. खरंच होतं. आमचा पूल पायी जाणाऱ्यांचा, लोखंडी, 22 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात मागवाल्यांच्या गल्ल्या आहेत, त्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर तो उभा आहे. अलीकडे घराघरात यंत्रमाग, पलीकडे शाळा, दवाखाना, भाजीबाजार. चढ संपून पूल सपाट होतो तिथं माणसं क्षणभर कठडा धरतात, ओझं सावरतात, दम खातात. तेवढंच लोखंड घासून घासून भांड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. 19 वर्षं मी त्या पुलावरून शाळेत जाते आहे. त्या गुळगुळीतपणात माझाही हात असणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

तिथून पुढची दोन वर्षं या पुलात गेली.

पहिली कल्पना आवाजाची होती. लंडनच्या मिलेनियम पुलाबद्दल मी वाचलं होतं. 10 जून 2000 ला तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला, आणि गर्दी चढताच आडवा डुलायला लागला. चालताना माणूस प्रत्येक पावलाला थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे भार टाकतो. पूल जरासा हलला की तोल सांभाळायला सगळे नकळत त्याच तालात पाऊल टाकतात, आणि पूल आणखी हलतो. दोन दिवसांत तो बंद करावा लागला, आणि हेलकावे शोषून घेणारी यंत्रणा बसवून 2002 मध्ये पुन्हा उघडला. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त आवडली. 2006 मध्ये बिल फोंटाना या कलाकाराने त्याच पुलाला कंपनं टिपणारी यंत्रं लावली आणि पुलाच्या तारांमधला नाद शेजारच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या भल्यामोठ्या दालनात लोकांना ऐकवला. पूल हलतो म्हणून जगभर गाजला होता, त्याच हलण्यातून या माणसाने संगीत काढलं.

मला लगेच गोकाक आठवलं. धबधब्याजवळ घटप्रभेवरचा तो झुलता पूल, 1907 चा, सुमारे 200 मीटर लांब. पाचवीच्या सहलीत तारेला कान लावून मी उभी होते आणि माझी मैत्रीण पलीकडून पाय आपटत होती. तारेतून तिचा पाय ऐकू येत होता. धबधब्यापेक्षा मला तो आवाज लक्षात राहिला आहे.

तर आमच्या पुलालाही आवाज द्यायचा असं ठरवलं. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहे. त्याने पायझोच्या चकत्या आणल्या. नाण्याएवढ्या असतात, दाबल्या की किंचित वीज निर्माण करतात. त्या कठड्याला चिकटवल्या, एक छोटा स्पीकर जोडला. कठड्यावर हात फिरवला की जलतरंगासारखा आवाज यायचा. स्टॉकहोममध्ये 2009 साली मेट्रो स्टेशनच्या जिन्याला पियानोच्या पट्ट्यांचं रूप दिलं होतं आणि लोक सरकता जिना सोडून त्यावरून चढायला लागले होते, तसं काहीसं माझ्या मनात होतं. तीन दिवस चाचणी केली. पोरं खूश. मीही खूश. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कांड्या भरायचं काम करणाऱ्या एक काकू माझ्यासमोर थांबल्या.

"बाई, राग मानू नका. सकाळी आठपासून खटखट ऐकतोय आम्ही. रात्री झोपलो तरी कानात माग चालूच. ह्या पुलावर दोन मिनिटं जरा गप्प असतंय. तेवढं तरी राहू दे की."

मी त्याच रात्री चकत्या काढल्या. तीन दिवसांत मला त्या पुलाबद्दल जे कळलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. पुलावर काय हवं हे पुलावरून जाणाऱ्यांना माहीत असतं. मी तिथून रोज जात असले तरी माझा दिवस मागाच्या आवाजात जात नाही.

त्या काकूंच्याच घरी मला मामा भेटले. त्यांचे वडीलधारे दीर. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. वय पंचाहत्तरच्या पुढचं, आयुष्यभर हातमाग आणि मग यंत्रमाग. मी कागदावर पुलाचं चित्र काढून त्यांना काय करता येईल ते विचारत होते. त्यांनी चित्र उलटं धरलं, मग सुलटं धरलं, आणि म्हणाले, "हे दोन्हीकडचे कठडे म्हणजे काठ की गं पोरी. मधी अंग, दोहीकडं काठ. आडवी पसरलेली साडीच ही."

नाल्याला काठ असतो, साडीला काठ असतो. माझ्या डोळ्यांसमोर 19 वर्षं ही साडी पसरलेली होती.

मग त्यांनी काठ कसा निघतो ते दाखवलं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला तर तो दिसतो, खाली राहिला तर बाणा, म्हणजे आडवा धागा, दिसतो. वर किंवा खाली, बस्स. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी काढणारं यंत्र, त्याच्या पुठ्ठ्यातही तेच, भोक आहे की नाही, एवढंच. 1804 पासून जगभरातल्या नक्ष्या ह्या दोन उत्तरांवर विणल्या गेल्या. इरकली साडीच्या काठावरची गोमी नक्षी असो की आणखी काही, मुळात वर आणि खाली.

कोपऱ्यात मोडीत काढलेल्या लाकडी कांड्यांचं पोतं होतं. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती, बाण्याचं सूत गुंडाळलेली, वीतभर लांबीची. मी एक उचलली आणि बोटांत फिरवली. तिच्या एका बाजूला एक रंग द्यायचा, दुसऱ्या बाजूला दुसरा. सळीत ओवून कठड्यात बसवली तर येणारा-जाणारा हाताने फिरवेल. फिरवली की वर, नाही फिरवली की खाली. नक्षी लोकांची. वीज नको, आवाज नको.

एक चौकट करून बघितली. 2 मीटरच्या सळीवर 9 कांड्या बसतात. अशा पाच सळ्या, एकाखाली एक. शाळेच्या व्हरांड्यात टांगली आणि फजिती झाली. कांडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि वीस-तीस वर्षं वापरून एका अंगाला झिजलेली. त्यामुळे जड बाजू आपोआप खाली यायची. मुलं फिरवायची, हात सोडला की ती परत पहिल्या जागी. वाऱ्यानेसुद्धा हलायची. लाकूड-खिळा-गोंद सगळं करून झालं. उपाय निघाला सायकलच्या दुकानात. जुन्या ट्यूबच्या एक एक सेंटीमीटरच्या चकत्या कापल्या आणि प्रत्येक कांडीच्या दोन्ही टोकांना सळीवर घट्ट चढवल्या. रबर कांडीला धरतं, पण हाताने फिरवलं तर सोडतं. फिरवताना बोटांना जो हलका अडसर लागतो, तो मला या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आपण काहीतरी केलं हे बोटांना कळतं.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगते. चार महिने. अर्ज मराठीत नेला, तो कन्नडमध्ये आणायला सांगितलं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या सरांनी तो लिहून दिला, एक चहासुद्धा न घेता. मी 'परस्परसंवादी कलाकृती' असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, हात लावायची मुभा असलेलं चित्र. त्यांनी लिहिलं, 'मुट्टबहुदाद चित्र', हात लावता येईल असं चित्र. मला माझ्या शब्दापेक्षा तो जास्त आवडला. कार्यालयात कुणी नाही म्हणत नव्हतं, पण हो म्हणायला कुठल्या टेबलावर जायचं हेही कुणाला सांगता येत नव्हतं, कारण असा अर्ज आधी कुणी केलाच नव्हता. शेवटी अट आली ती अशी, की पुलाला धोका नाही असं जाणकार माणसाकडून लिहून आणा.

ती अट योग्यच होती. मुंबईत 2019 च्या मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मोरबीचा झुलता पूल पडून 135 माणसं गेली. हे ठाऊक असताना मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते की चार कांड्यांनी काय होतंय?

नाल्यापलीकडे एक निवृत्त इंजिनिअर राहतात. कन्नडभाषक, पण बेळगावातल्या बहुतेकांसारखे दोन्ही भाषांत वावरणारे. ते हातोडी घेऊन आले. आधी पुलाखाली उतरले, एकेक जोड ठोकून आवाज ऐकला. दोन ठिकाणी आवाज बद्द आला. तिथल्या पट्ट्या गंजून पापुद्रे सुटले होते. "मॅडम, आधी हे," ते म्हणाले. त्यांनी लिहून दिल्यावर त्या पट्ट्या बदलल्या गेल्या. काठ लागायच्या आधी पूल दुरुस्त झाला, हे मला आजही काठाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मग वजन. 6 मिलिमीटरच्या सळीचं वजन त्यांनी तिथंच बोटांवर काढलं, व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला 222 ग्रॅम. कांडी साधारण 50 ग्रॅमची. पादचारी पुलाचा हिशेब दाट गर्दीचा, दर चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो असा धरतात. त्यापुढे आमचं वजन काहीच नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात ते म्हणाले, "वजनाचं काही नाही. पाण्याचं बघा."

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ह्या नाल्याचं पाणी पुलावरून गेलं होतं. कठडा मोकळा होता म्हणून पाणी आरपार निघून गेलं. त्या कठड्यात कांड्या भरल्या की वाहून येणारा पाला, प्लास्टिक, फांद्या त्यात अडकणार. जाळीची भिंत होणार, आणि भिंतीवर पाणी जोर करणार. जोर सगळा पुलावर. पॅरिसमध्ये नदीवरच्या पोंत देझार या पुलाच्या जाळीला जोडपी प्रेमाची कुलुपं लावायची, एकेक कुलूप हलकं, पण 2014 मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि पुढच्या वर्षी सुमारे 45 टन कुलुपं उतरवावी लागली. ते उदाहरण मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथं लोकांनी वजन आणलं, इथं नाला आणेल."

पाचऐवजी वरच्या तीनच सळ्या ठेवायच्या, खालचा भाग मोकळा. आणि प्रत्येक चौकट बोल्टवर, पान्याने सुटणारी. मृग लागायच्या आधी काठ उतरवायचा, पाऊस सरला की परत लावायचा. मला आधी वाईट वाटलं. मामांना मात्र ते एकदम पटलं. "साडी काय बाराही महिने अंगावर असते व्हय?"

दोन्ही बाजूंना मिळून 22 चौकटी, 66 सळ्या, 594 कांड्या. सगळं मिळून वजन 60 किलोच्या आसपास. म्हणजे पुलावर कायम उभा असलेला एक माणूस.

कांड्या गोळा करायला मी आणि नववीच्या मुली गल्लीगल्लीत फिरलो. हे दिवस मी विसरणार नाही. ज्या घरात पूर्वी चार माग होते तिथं आता एक. काही घरांत माग भंगारात गेले आहेत आणि त्या खोलीत भाडेकरू. शहापूरची साडी एके काळी नाव सांगून विकली जायची. कांड्या द्यायला कुणी नाही म्हटलं नाही. पण देताना प्रत्येक जण पोत्यात हात घालून थोडा वेळ गप्प व्हायचा. काही कांड्यांवर अजून सूत होतं. मामा ते चिमटीत धरून, ओढून, कधी जिभेला लावून सांगायचे, हे अमुक घरचं, हा रंग अमुक लग्नसराईतला. मुलींनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं नव्हतं.

लाकूड पावसाच्या हवेत फुगून सळीवर अडकू नये म्हणून कांड्या दोन दिवस जवसाच्या तेलात बुडवल्या, मग आठवडाभर सावलीत वाळवल्या. सगळा वर्ग तेलाच्या वासाने भरून गेला होता. छिद्रं मोठी करणं, वेल्डिंग, बोल्ट हे सगळं गणपती मंडळाच्या पोरांनी केलं. हलते देखावे आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीचे चित्ररथ करून करून त्यांचे हात तयार आहेत. ज्या गावात दरवर्षी रात्रभर माणसं रस्त्याच्या कडेला बसून चित्ररथ बघतात, तिथं रस्त्यावरची कला म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि रंग. दोन रंग निवडायचे, एवढंच काम, पण त्याला तीन आठवडे लागले. लाल आणि पिवळा शेजारी आले की इथं तो कर्नाटकाचा झेंडा होतो. भगवा आला की दुसरी बाजू होते. आमच्या शहरात रंग नुसते रंग राहत नाहीत, आणि त्यामागे माणसांच्या खऱ्या वेदना आहेत. मी मराठी शाळेत शिकवते, माझ्या भाषेचं काय होतंय हे मला रोज दिसतं. पण तो पूल ओलांडणाऱ्या भाजीवाल्या आजी कन्नड बोलतात, दवाखान्यातली नर्स उर्दू, आणि हात सगळ्यांचा एकाच जागी लागतो. मामांनी रंग सांगितले, आमसुलासारखा गडद आमसुली आणि निळ्या छटेचा चिंतामणी. दोन्ही लुगड्यांतले, कुठल्याच झेंड्यातले नव्हेत. माहितीचा फलक लावा असा आग्रह झाला तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं. फलक म्हणजे भाषा, भाषा म्हणजे कोण वर आणि कोण खाली. कांडी कशी फिरवायची हे सांगायला अक्षर लागत नाही. शिवाय एक गोष्ट नंतर लक्षात आली आणि फार बरं वाटलं. तीन ओळींत अक्षर बसत नाही. शिरोरेघ काढली की खाली दोनच ओळी उरतात. त्यामुळे त्या काठावर घोषणा लिहिता येत नाही, नक्षीच काढावी लागते. पाचाच्या तीन सळ्या पाण्यामुळे झाल्या होत्या. पाण्याने हेही काम केलं.

खंडेनवमीला काठ लागला. त्या दिवशी मागाची पूजा असते, माग बंद असतात, गल्ली कधी नव्हे ती शांत असते. मामांनी पहिल्या चौकटीला हळदकुंकू लावलं आणि एक कांडी फिरवली. भाषणं झाली नाहीत.

पहिले चार दिवस मुलांनी धुमाकूळ घातला. एकाचं बोट कांडी आणि पट्टीच्या फटीत चिमटलं, त्याच संध्याकाळी सगळ्या फटी मोजून आम्ही नव्या चकत्या घातल्या. महिनाभरात 17 कांड्या गायब झाल्या, त्यातल्या 5 कुणीतरी परत आणून कठड्याखाली ठेवल्या. एका चौकटीत 27 कांड्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे 13 कोटी 42 लाखांहून जास्त नक्ष्या होऊ शकतात, हे गणिताच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. पण माणसं तशी वागत नाहीत. कुणी चालता चालता एकच ओळ फिरवत जातं. कुणी आपली एक कांडी धरून ठेवली आहे, तेवढीच रोज फिरवायची. कॉलेजची दोन मुलं समोरासमोरच्या चौकटींत एकमेकांची नक्षी उलटी करत होती, वीस मिनिटं, बोलणं एक शब्दाचं नाही. भाजीवाल्या आजी पहिल्यांदा थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "छलो ऐती नोड्री." छान आहे बघा. ज्या काकूंनी मला गप्प केलं होतं, त्या अजून गप्पच जातात, पण पाचव्या चौकटीपाशी हात कांड्यांवरून सरकवत जातात.

फुलं विकणारी एक बाई आहे. अबोली आणि शेवंतीची टोपली घेऊन रोज पहाटे साडेपाचला पूल ओलांडते. उतारापाशी, अकराव्या चौकटीशी ती टोपली कठड्यावर टेकवायची आणि एकच नक्षी करायची. मधली ओळ सगळी आमसुली, वरखाली एक सोडून एक चिंतामणी. दिवसभरात पोरं ती मोडायची. दुसऱ्या पहाटे ती परत करायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आईच्या लुगड्याचा काठ असा होता."

मे संपता संपता काठ उतरवला. जुलैत पाणी पुलाला लागलं, एक रात्र वरूनही गेलं. मोकळ्या कठड्यातून निघून गेलं. इंजिनिअर साहेब छत्री घेऊन पहाटे बघायला आले होते, मीही होते, आणि मंडळाची पोरंही.

दुसऱ्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा चौकटी लावत होतो. अकराव्या चौकटीतली एक कांडी चिरलेली निघाली, मामा नवी ओवत होते. पहाटेची वेळ, अजून उजाडायचं होतं. फुलवाली टोपली घेऊन आली आणि उभी राहिली. सणाचा दिवस, तिला बाजाराची घाई असणार. मामांनी बोल्ट पिळले, चौकट हलवून बघितली आणि बाजूला झाले. तिने टोपली कठड्यावर टेकवली, पदराला हात पुसले, आणि डावीकडून एकेक कांडी फिरवायला लागली.